खालच्या आजी वर आल्या

बायकोला परदेशात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा वायरमन नवऱ्याने फार डोकं खाजवलं नाही. "तू तुझं काम बघ, पोरांचं मी बघतो," म्हणाला. नव्या देशात वायरिंगच्या कामाला परवाना लागत होता. तो हातात येईपर्यंत घर त्याच्याकडे आलं. पाच वर्षांची मनी आणि दोन वर्षांचा ढब्बू. कोणी विचारलं, "जमतंय का?" तर तो म्हणायचा, "तारेवरची कसरत हा तर आपला धंदाच आहे."

आणि खरंच जमत होतं. अडचण एकच होती, खालच्या मजल्यावरच्या आजी. पोरांच्या धावपळीची तक्रार घेऊन त्या दोनदा वर आल्या होत्या. त्या जिन्यात दिसल्या की दोन्ही पोरं बापाच्या पायांमागे.

एका सकाळी मनीच्या शाळेला सुट्टी होती. बायको कामावर गेली होती. वायरमनने विजेच्या शेगडीवर दूध ठेवलं आणि कचऱ्याची पिशवी बाहेरच्या डब्यात टाकायला दारातून पाऊल टाकलं. मागून ढब्बू आला आणि त्याने मोठ्या उत्साहाने दार ढकललं. धाडकन!

कुलूप आपोआप लागणारं. किल्ली आत, फोन आत, दूध आत, पोरं आत. आणि बाप जिन्यात, पायात बायकोच्या सपाता.

वायरमनचे हात थांबले नाहीत. मीटरचं कपाट जिन्यातच होतं. ते उघडून त्याने आपल्या घराचा मेन स्विच खाली ओढला. शेगडी बंद. मग गुडघ्यांवर बसून दारातल्या टपालाच्या फटीचं झाकण वर केलं.

"मने, ऐक. ढब्बूला स्वयंपाकघरातून बाहेर आण आणि ते दार लावून घे."

"आणला. लावलं. बाबा, तू येत का नाहीस?"

"येतोय. आता या दाराची गोल मूठ फिरव बरं."

"हात पुरत नाही."

"स्टूल आण."

स्टूल फरफटत आलं. मनी चढली. पण मूठ घट्ट होती, आणि तेवढ्यात ढब्बूला समजलं, की बाप दिसत नाहीये. त्याने असा भोंगा लावला की मनीही हुंदके द्यायला लागली.

जिन्यात पावलं वाजली. खालच्या आजी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वायरमनला त्यांची भाषा निम्मीशिम्मी येत होती. दार, किल्ली, मुलं एवढे तीन शब्द त्याने हातवाऱ्यांसकट सांगितले. "कुलूपवाल्याला फोन करते," आजी म्हणाल्या आणि खाली गेल्या. परत येऊन सांगितलं, "यायला तासभर तरी लागेल म्हणतो."

आतलं रडणं वाढतच होतं. आजींनी कठडा धरला, कण्हत-कुंथत फरशीवर बैठक मारली आणि फटीला तोंड लावून चक्क मांजर झाल्या. म्याँव! ढब्बूचा आवाज अर्ध्यावर आला. मग गाय झाल्या. तो गप्प. मग त्यांनी स्वतःच्या देशातला कोंबडा काढला. तो काही कुकूचकू करत नव्हता, भलतंच काहीतरी ओरडत होता.

आतून मनी खुदकन हसली. "बाबा, आजींचा कोंबडा चुकीचा ओरडतोय!"

"मग तू बरोबर ओरडून दाखव."

मनीने बरोबर कोंबडा ओरडून दाखवला. ढब्बूने री ओढली. आजींनी पुन्हा आपलाच खरा केला. दाराच्या दोन्ही बाजूंना असा कालवा चालू असताना वायरमन म्हणाला, "मने, फ्रॉकचं टोक मुठीवर धर आणि दोन्ही हातांनी पिळ. कपडे पिळतो तशी."

खट्‌.

"तशीच धरून ठेव!" त्याने दार ढकललं, तर स्टूल आड आलं. मग त्याने दाराला खांदा लावून ते अगदी हळूहळू सरकवलं. स्टूलही सरकलं, आणि स्टूलवर मूठ धरून उभी असलेली मनी पालखीत बसल्यासारखी मागे मागे गेली. तो आत शिरला आणि दोघांना एकदमच उचललं.

आजी उठायला लागल्या, पण गुडघे ऐकेनात. त्याने पोरांना खाली ठेवून त्यांना हात दिला. दुधावर तोवर जाड साय धरली होती. कुलूपवाल्याला नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकलं. आधी पोरांचे मुके घेतले, मग नवऱ्याकडे पाहिलं. "घाबरलास?"

"घाबरलो की. पण तुला फोन करण्याआधी दार उघडलं."

"दुसरी किल्ली कुणाकडे तरी ठेवायला हवी."

दुसऱ्या दिवशी तो पोरांना घेऊन खाली गेला. आजींनी किल्ली घेतली आणि भराभर काहीतरी बोलल्या. शाळेत जाऊन भाषा पटापट उचललेल्या मनीने बापाला समजावलं, "त्या म्हणतात, किल्ली ठेवते. पण दुपारी मी झोपते, तेव्हा धावायचं नाही."

"कबूल म्हणून सांग."

"आणि म्हणतात, पोरांना थोडा वेळ इथेच राहू दे. तू जा."

वायरमनने ढब्बूकडे पाहिलं. तो केव्हाच आजींच्या गालिच्यावर पालथा पडून त्यावरची फुलं उपटायचा प्रयत्न करत होता.

वायरमन वर आला, चहा टाकला आणि खुर्ची ओढून खिडकीशी बसला. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच त्याने चहा गरम असताना प्यायला.