सुलोचनाबाईंची चौकशी

मनकर्णाबाईने सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी सुतळीने आवळली, उरलेली सुतळी दातांनी तोडली आणि समोरचा कागद पायाच्या अंगठ्याने परत सुभेदाराकडे सरकवला.

"उर्फ काढा त्यातलं," ती म्हणाली.

प्रेमदास सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आता माजी सैनिकांच्या कार्यालयात चौकशीची कामं करायचा. माणूस सोशिक. त्याने कागद उचलला, त्यावरची माती झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. हवालदार मधुकरराव वारले. त्यांच्या फौजेतल्या नोंदीत बायकोचं नाव सुलोचना. आधार कार्डावर, मतदार यादीत, सातबाऱ्यावर मात्र मनकर्णा. 'सुलोचना उर्फ मनकर्णा' एवढं लिहून सही केली, की पेन्शन सुरू आणि फौजेच्या दवाखान्याचं कार्डही सुरू. नाहीतर कार्यालयाला ती सुलोचना शोधावी लागेल, आणि ती सापडेपर्यंत मनकर्णाबाई मयताची कोणीच नाही.

"पेपर वाचता ना साहेब? उर्फ कोणाले राह्यते? चोराले. मी सांभार इकतो, चोरी नाई करत."

सुभेदाराने फौजेत शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ केली आणि कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

आंजी गावात ही सुलोचना कोणी पाहिली नव्हती. पण कागदात बाई निघाली म्हटल्यावर गाव काय गप्प बसतं? आधी ती जबलपूरची होती. चार दिवसांत पंजाबची झाली, आणि दुसऱ्या बाजारापर्यंत एवढी उंच झाली, की मधुकररावांना तिच्याशी बोलायला ओट्यावर चढावं लागायचं. पानठेल्यावर बाबाराव शपथेवर सांगत, की तिच्या हातचा आलूपराठा आपण खाल्लेला आहे. पराठा संपेना, तेव्हा उरलेला अंगावर पांघरून रेल्वेत झोपलो. बाबाराव उभ्या आयुष्यात पुलगावच्या पलीकडे गेले नव्हते, पण पराठ्याला कोण तिकीट विचारतं! मनकर्णाबाई बाजारात बसली, की गिऱ्हाईक जुडी निवडता निवडता हळूच विचारू लागलं, "मोठी कशी आहे वं?"

खरी गोष्ट एवढीच, की सुलोचना तांदळात जन्मली आणि तांदळातच मेली. लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरले, आणि नवरदेवाने आपल्या थोरल्या बहिणीने सुचवलेलं नाव अंगठीने त्यात लिहिलं. मनकर्णाने ते वाचलं आणि सगळ्या मांडवासमोर तळहाताने तांदूळ सारखे केले. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावले. मधुकरराव सुट्टी संपवून पलटणीत गेले. बहिणीच्या धाकाने तिथे सुलोचनाच लिहवून आले, आणि बायकोच्या धाकाने घरी कधी ते नाव तोंडातून काढलं नाही. नोंद दुरुस्त करा म्हटलं, की म्हणायचे, मी मेल्यावर निवांत करू.

मनकर्णाबाईखेरीज त्या मांडवातलं आता एकच माणूस जिवंत होतं. तीच थोरली बहीण, अल्लीपूरची रुख्माबाई. लग्न पाहिलेल्या कोणी तोंडी सांगितलं तर उर्फशिवाय भागेल, असं सुभेदार म्हणाला, म्हणून तिला बोलावलं होतं. सकाळच्या एसटीने ती आली आणि तेव्हापासून अंगणातल्या बाजेवर बसून बिनदाताच्या तोंडात सुपारी घोळवत होती. पन्नास वर्षांत या दोघी एकमेकींशी सरळ बोलल्या नव्हत्या. रुख्माबाई भावजयीला सुलोचना म्हणायची आणि भावजय त्या नावाला ओ देत नसे. मग चहा, पाणी, जेवण, सगळं मधुकररावांच्या मार्फत चालायचं. ते ड्युटीवर असले, की गोठ्यातल्या गाईच्या मार्फत.

आता मधुकरराव नव्हते आणि गायही विकली होती.

"साहेब," रुख्माबाई सुभेदाराला म्हणाली, "मी सांगतो सारं. पण हिले म्हणा, माह्या एका हाकेले ओ दे. एकच खेप. मंग पाहिजे तिथं अंगठा लावतो."

सुभेदाराने आशेने मनकर्णाबाईकडे पाहिलं. एका अक्षराचा तर प्रश्न होता. त्याने पेन उघडलं.

"सुलोचना," रुख्माबाईने हाक मारली.

मनकर्णाबाईने सांभाराची पिवळी पानं खुडली.

"सुलोचना वं."

नवी जुडी तयार झाली. सुतळीचा वेढा बसला.

"ए सुलोचना!"

सुतळी दातांनी तुटली. हात थांबला नाही, मान वळली नाही. सुभेदाराने पेनाचं टोपण लावलं. काकू, पेन्शनचा तरी विचार करा, असं काहीसं तो पुटपुटला.

"केला," मनकर्णाबाई म्हणाली. "सांभारावर जगीन."

रुख्माबाईने सुपारी थुंकली.

"टोपण काऊन लावून राह्यले? लिवा. हेच ते."

"पण आजी, त्यांनी तर ओ दिलीच नाही."

"म्हणून तं म्हणतो. दुसरी कोणी राह्यती तं वळून पाह्यलं असतं, हे म्हातारी कोणाले बलावून राह्यली म्हणून. हिची मान हालली का? पन्नास वर्सं झाले, हे अशीच. तांदूळ पुसले तवा मी ताटापाशीच बसलो होतो. माह्या भावाले एकच बायको होती, आन् ते हे. मनकर्णा. लिवा तसंच."

सुभेदाराने लिहिलं. रुख्माबाईने अंगठा उठवला. मनकर्णाबाईने हात लुगड्याला पुसले, अक्षर अक्षर वाचून काढलं, उर्फ कुठे नाही याची खात्री केली आणि मग सही केली. सुभेदाराने टोपी घातली, मोटारसायकलला किक मारली, आणि जाता जाता त्याला काय लहर आली कोण जाणे, फाटकातून मागे वळून मोठ्याने म्हणाला,

"येतो बरं, सुलोचनाबाई!"

मनकर्णाबाईने वर पाहिलं नाही.

"ओ," बाजेवरून आवाज आला.

परसातून पोरीने द्यावी तशी ती ओ होती, न ठरवता निघालेली. मोटारसायकल गेली. रुख्माबाईने घाईघाईने पदर तोंडाला लावला आणि सुपारीची डबी शोधू लागली. डबी तिच्या हातातच होती.

मनकर्णाबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. या घरात नणंदेला सगळे बाईच म्हणत. सासू बाई म्हणायची, मधुकरराव बाई म्हणत, म्हणून तीही. रुख्माबाई हे नाव अल्लीपूरच्या मांडवातलं, तिथल्या ताटातलं. त्याआधी या अंगणात त्या पोरीला काय म्हणून हाक मारत होते, हे पन्नास वर्षांत तिने विचारलं नव्हतं.

ती उठली. आत जाऊन गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने आतूनच विचारलं,

"सुलोचनाबाई, चहात साखर किती टाकू?"

बाजेवर सुपारीची डबी उघडून मिटल्याचा आवाज आला.

"दोन चमचे टाकजो," रुख्माबाई म्हणाली.