माफी तीनदा मागायची

"रिना, मला माफ कर," जुडाहकाका दारातूनच म्हणाले.

"नाही करत."

"आत तर येऊ दे."

"या ना. बसा, चहा घ्या. माफ मात्र करणार नाही."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस तीन जिने चढून आला होता. धाप लागली होती, हात अजून कठड्यावरच होता. मी खुर्ची पुढे केली, कारण आईने तेवढं वळण लावलंय. बाकी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

त्या दिवशी सूर्य मावळला की किप्पूरचा उपास सुरू होणार होता. आम्हा बेने इस्रायल लोकांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी देव माफ करतो. पण माणसाने माणसाचं काही बिघडवलं असेल तर ते आधी माणसांनीच मिटवायचं, देव त्यात पडत नाही. म्हणून उपासाच्या आधी पनवेलमधली आमची उरलीसुरली घरं एकमेकांकडे जातात, निदान फोन तरी करतात. "काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर गं." "केलं केलं." अर्धं लक्ष गॅसवर. जुडाहकाका मात्र खरोखरच्या अपराधाची माफी मागायला आले होते. आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना तेच चालवतात. संध्याकाळी मयत माणसांची नावं मोठ्याने वाचतात, आणि त्या यादीत त्यांनी माझ्या मोठ्या बहिणीचं नाव घातलं होतं. जेरुशा.

"इलानचा फोन आला होता," काका म्हणाले. "भाऊ आहे तिचा, हक्क आहे त्याचा. दीड वर्ष झालं. त्याला तिकडे सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसायचंय, रडायचंय. किती दिवस माणसाने असं अधांतरी राहायचं?"

"त्याला काय जातंय? इस्रायलात, अश्दोदला बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. एकदा आला, आठ दिवस राहिला, अलिबागपर्यंत फोटो वाटले आणि गेला. आणि तुम्ही हो काका? तुमच्या पायाची जखम चिघळली होती तेव्हा तीन महिने रोज येऊन कोण धूत होतं? तिला यादीत ढकलताना हात नाही थरथरला? प्रेत पाहिलंत?"

"नाही."

"मग?"

काकांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि "दुपारी परत येतो" म्हणून गेले. त्यांच्या शांतपणाचाही मला राग आला.

मला रागच येतो. दीड वर्ष दुसरं काही येतच नाही, आणि तो कोणावर यावा याला काही धरबंधही उरलेला नाही. "ज्यूइश म्हणजे ख्रिश्चनच ना मॅडम?" असं विचारून फॉर्मवर "इतर" लिहिणाऱ्या हवालदाराचा येतो. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. मी आत शिरले की तिथल्या बायका आवाज खाली करतात, त्यांचा येतो. खालच्या मजल्यावरच्या बाई मला तीन वेगवेगळे देव सुचवून गेल्या, त्यांचा येतो. आणि सगळ्यात जास्त ताईचा. त्रेसष्ट वर्षांची बाई, पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेली, अर्ध्या पनवेलला जिने इंजेक्शनं टोचली, ती अशी हरवतेच कशी?

विसरायला लागली होती, हे खरं. दुधाखालचा गॅस विसरायची, मधेच मला आईच्या नावाने हाक मारायची. पण रस्ता विसरत नव्हती. सुकापूरला तिची दवाखान्यातली मैत्रीण राहते, तिच्याकडे एकटी जाऊन यायची. जिभेची धार तर तसूभरही कमी झाली नव्हती.

या जिभेचा प्रसाद मला शनिवारी मिळायचा. झालं असं की इलानच्या मुलीच्या, लियोराच्या लग्नाला मी अश्दोदला गेले. तिथे एका शनिवारी मी सहज मोबाइल काढला, तर इलानच्या व्याह्यांनी असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटात थुंकले. इलान कानात पुटपुटला, "रिनाताई, इथे शब्बाथ पाळतात, शनिवारी फोनला हात लावत नाहीत. पनवेलसारखं नाही." मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी आले आणि शुक्रवारी सूर्य मावळला की मोबाइल कपाटात, साड्यांखाली, ते थेट शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत, असं सुरू केलं. ताई पोट धरून हसली.

"आपले पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे," ती म्हणाली. "म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. तुझा कुठला गं घाणा? शाळेचं पगारपत्रक?"

"तू तुझं बघ. मी माझं पाळते."

"पाळ बाई. पण मी मेले तर रविवारी मरीन, म्हणजे तुला कळेल तरी."

ती गेली तो दिवस शनिवारच होता. फेब्रुवारी महिना. मी सकाळी प्रार्थनेला गेले, परत आले तर ताई घरात नाही, तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. सुकापूरला गेली असेल म्हणून मी निवांत राहिले. संध्याकाळी तीन तारे दिसले, कपाट उघडलं, तर एकाच अनोळखी नंबरचे तीन मिस्ड कॉल. बारा वाजून दहा, बारा चौदा, बारा एकतीस. पोलिसांना मी इतकं सांगितलं आणि ते सगळं खरं आहे. इलानला सांगताना मात्र म्हणाले, की दुपारी एकपर्यंत प्रार्थना चालली होती. ते खरं नाही.

त्या नंबरवर फोन लावला तेव्हा जनी नावाच्या बाईने उचलला. करंजा बंदरावर मासळी विकते. रिक्षा करून मी तिथे पोचले तेव्हा लिलावाची जागा धुऊन झाली होती आणि जनी रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होती.

"होती ना वो बाय, लाल काठाच्या साडीची," ती म्हणाली. "रेवसची तर कवा सुटते ते इचारत व्हती. बोल्ली, आजीच्या घरा जायाचा हाय. मंग फोन मागला, मी दिला."

करंजाहून तरीने, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होडीने रेवस, तिथून पुढे आजोळ, हा आमचा लहानपणचा रस्ता. आजी जाऊन चाळीस वर्षं झाली. घराच्या जागी आता कोणाचा तरी बंगला आहे. तरीवर ताई चढली का, हे कोणाला आठवेना. रेवसला उतरली का, तेही नाही. त्यापुढे काहीच नाही. दोन्ही बाजूंची गावं, दवाखाने, देवळं, धर्मशाळा, सगळीकडे फिरून झालं. जनी आणखी एक गोष्ट बोलली होती. ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

दुपारी काका परत आले. या वेळी आत आलेच नाहीत.

"रिना, माफ कर."

"नाव काढलंत?"

"इलानला शब्द दिलाय."

"मग नाही."

"बघ," काका जिन्याचा कठडा धरून म्हणाले, "मी अजून एकदा येणार. माफी तीनदा मागायची असते. तिसऱ्यांदाही तू नाही म्हणालीस, तर माझ्यावरचं उतरलं आणि तुझ्यावर चढलं. हे मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतं."

"मला शास्त्र शिकवू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरचं दार उघडलं. मी आमचं दार धाडकन लावून घेतलं.

शास्त्र मला पाठ होतं. ते तीनदाचं तर लहानपणापासून. दाराला पाठ लावून मी उभी राहिले. समोर कपाट होतं.

प्रार्थना अकरालाच संपली होती. बारा वाजून दहा मिनिटांनी मी या खोलीत, खिडकीतल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. कपाटात फोन थरथरायला लागला. लोखंडी कपाट, साडीखाली असला तरी सगळा पत्रा घुमतो. मी मान वर करून पाहिलं. लोनवाले असतील, नाहीतर शाळेच्या मोठ्या बाई, त्यांना शनिवार-रविवार कळत नाही. थांबला. पुन्हा वाजला. मी पुस्तकाचं पान उलटलं. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजत राहिला. तेव्हा मला काय वाटलं, ते सांगायला मला अजूनही लाज वाटते. मला अभिमान वाटला. बघा म्हटलं अश्दोदवाल्यांनो, पनवेलचीही माणसं पाळतात.

सूर्य मावळायला तासभर होता तेव्हा काका तिसऱ्यांदा आले. अंगात पांढरा सदरा, पांढरा लेंगा, प्रार्थनेच्या तयारीनेच. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले,

"मी ऐकला होता फोन, काका. तीनही वेळा. मी घरात होते. उठले नाही."

काकांनी आत येऊन दार लोटून घेतलं. मग मीच सगळं बोलले. खुर्ची, पत्रा, पुस्तकाचं पान, सगळं. आणि जनी जे म्हणाली होती तेही. तिसरा फोन वाजून बंद झाल्यावर ताईने तो जनीला परत दिला आणि हसली. जनीने तिचं बोलणं तिच्या तऱ्हेने मला सांगितलं होतं: "आज शनवार हाय, माजी बहीन नाय उचलाची. देवाचा करते ती. नको लावू आता."

"म्हणजे तिला कळलं होतं," मी म्हणाले. "सगळं विसरत होती आणि माझा नंबर आठवला. वर शनिवारही आठवला! तेवढा विसरली असती तर चौथ्यांदा लावला असता मेलीने. कदाचित मी उठलेही असते."

काका खुर्चीत बसले. त्यांनी गुडघे चोळले.

"मला वाटलं होतं, तू माझ्यावर रागावलीयेस," ते म्हणाले.

"तुमच्यावरही आहेच."

"याची माफी मला देता येणार नाही, रिना. तो माझा हक्क नाही."

"माहीतेय मला! म्हणूनच दोन वेळा हाकललं ना तुम्हाला? जिचं बिघडवलं तिच्याकडेच मागायची असते. तुम्ही आज तिला मेलेली म्हणालात तर मी मागू कोणाकडे? मेलेल्याच्या कबरीवर दहा माणसं नेऊन मागतात म्हणे. कुठाय कबर? दाखवा, मी नेते दहा माणसं."

काकांनी सदऱ्याच्या खिशातून यादी काढली. खिडकीकडे पाहून अजून ऊन असल्याची खात्री केली, कारण नंतर लिहायला बंदी. माझ्याकडून पेन घेतलं आणि जेरुशाच्या नावावर आडवी रेघ मारली. एकदा मारून समाधान झालं नाही, पुन्हा मारली.

"इलानला तू सांगायचंस," ते उठत म्हणाले. "यादीचंही आणि बाकीचंही. आणि माझं काय?"

"केलं माफ," मी म्हणाले. "जिना जपून उतरा."

इलानने पहिल्याच रिंगला फोन उचलला. व्हिडिओवर तो पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होता, फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला. मी आधी यादीचं सांगितलं. तो चिडायला लागला तसं बाकीचं सांगितलं, एका दमात, थांबले असते तर जमलं नसतं.

"तू घरात होतीस?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि वाजत होता?"

"हो."

"दीड वर्ष मला सांगतेस की प्रार्थनेला होतीस. दीड वर्ष मी स्वतःला सांगतोय की कोणाचाच इलाज नव्हता."

"इलान, मला माफ—"

त्याने फोन बंद केला. मी पुन्हा लावला. वाजत राहिला. मी पांढरी साडी नेसले, पाणी प्यायले आणि पुन्हा लावला. तिकडे दुपारचे चारही वाजले नव्हते. उपासाला त्यांना अजून दोन तास होते, फोन उचलायला कसलीच आडकाठी नव्हती. दीड वर्षात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही. पुरा हक्क होता त्याला.

खाली उतरले तेव्हा ऊन गच्चीच्या टाक्यांवर गेलं होतं. सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाकांवर आम्ही सातजणी होतो. मी कडेला बसले. पर्स उघडून फोन बाहेर काढला तशी शेजारची बाई दचकली.

"अगं रिना, आज? किप्पूरला?"

"हो."

"निदान बंद तरी कर."

"नाही करणार."

कुजबुज पुरुषांच्या बाजूपर्यंत गेली. जुडाहकाकांनी मागे वळून पाहिलं, माझ्याकडे आणि फोनकडे. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. त्यांनी प्रार्थनेची शाल डोक्यावर ओढून घेतली आणि सुरुवात केली.

मयतांची नावं यायला बराच वेळ गेला. आमच्या आईचं नाव आलं, बाबांचं आलं, आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या घराची नावं सुरू झाली. आमच्या बाकावर खिडकीकडची जागा ताईची. तिथे कोणी बसलं नव्हतं. फोन मी तिथे ठेवला होता, चालू.