शेजारची सीट गप्प का?

गाड्यांच्या वायरिंगमध्ये हयात घालवलेल्या करंटमामांची स्वतःचीच गाडी बिघडावी, म्हणजे नाकच कापलं गेलं. मामी शेजारच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी पट्टा लावला नाही, तरी गाडी हूं की चूं करेना. एरवी समोरचा लाल दिवा लुकलुकायचा, शिट्टीने कान किटायचे.

‘बरंच झालं की,’ मामी म्हणाल्या. ‘कटकट करायला घरात एकजण आहे, तेवढा पुरे.’

पण मामींच्या बाबतीत मामा भलतेच भित्रे. पट्टा राहिला आणि कुठे धडक बसली तर? सकाळी गॅरेज उघडताच त्यांनी मामींना स्टुलावर बसवलं आणि सीटखाली डोकं घातलं. प्लग काढून पुसला. वायर बोटांनी चाचपली, कुठेच सोललेली नव्हती. पट्ट्याच्या खाचेतला स्विच मीटरवर ठीक दाखवत होता. राहिली गादीखालची वजन ओळखणारी चटई. लहान मूल किंवा सामान असेल तर ती गप्प राहते, मोठं माणूस बसलं तरच गाडीला कळवते. मामा स्वतः बसले. शिट्टी वाजली. मामी बसल्या, शिट्टी नाही.

मामांनी चटईच नवी घातली. ते बसले, वाजली. मामी बसल्या, पुन्हा गप्प.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष आपसूक हाती लागतो, हा मामांचा शिरस्ता. आता बदलत होतं ते फक्त बसणारं माणूस. मामा हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवायचंही विसरले आणि मामींकडे बघत राहिले. मामींच्या हातातलं घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे घसरलं होतं. रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या बाईकडे आपण किती दिवसांत नीट पाहिलं नाही, हे त्यांना आत्ता कळलं.

‘जेवतेस ना गं नीट?’

‘माझं होतं की तुमच्या आधी.’

‘खरं सांग.’

मामी पदराशी चाळा करत राहिल्या. ‘घास उतरत नाही हो घशाखाली. पाणीसुद्धा अडतं.’

‘मग मला बोलायचं नाही?’

‘तुम्ही घाबरता.’

मामांनी वाकून पट्टा ओढला, मामींच्या अंगावरून घेऊन खाचेत बसवला.

‘पण गाडीला झालंय काय?’ मामींनी विचारलं.

‘गाडीला काही झालेलं नाही. तिला तू लहान मूल वाटतेस.’

मामी हसायला गेल्या, पण हसू ओठांवरच विरलं. मामा पलीकडून येऊन स्टिअरिंगपाशी बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

‘अहो, गॅरेज उघडं राहिलंय.’

‘राहू दे. आधी दवाखाना.’

‘मला भीती वाटते.’

‘मलाही वाटते,’ मामा म्हणाले. ‘पण एकटीने घाबरत बसलीस, ते आता पुरे. यापुढे दोघं मिळून घाबरू.’