आदर्श उत्तरातले आण्णा

अकरावी ब च्या मुलांनी मननवहीत ज्या माणसाविषयी लिहावं, ते माणूस वही वाचणाऱ्याच्या घरी जाऊन बसायचं आणि वही मिटली की आपल्या घरी परतायचं. मिरजेत याचं कुणाला फारसं नवल नव्हतं. साळोख्यांची आजी अशीच एकदा इनामदार बाईंच्या स्वयंपाकघरात तासभर वाटाणे सोलून आली आणि आल्यावर एवढंच म्हणाली, "चहा पांचट करत्यात."

इनामदार बाई जागतिक साहित्य शिकवायच्या. देशोदेशीच्या कथा वर्गात वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "सारांश नको. कथेनं तुमच्या आत काय हललं ते लिहा. वही मी एकटी वाचणार आणि मिटून ठेवणार." मग गळ्याला चिमूट लावून "गळ्याशपथ" म्हणायच्या. शिक्षकांनी शपथ घेतली की आपण सावध व्हावं, हे मुक्ता हावळला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या महिन्यातली कथा कुठल्याशा थंड समुद्राकाठची होती. दीपगृहाचा रखवालदार आंधळा होतो, पण कुणाला कळू देत नाही. रोज संध्याकाळी चाचपडत दिवा लावतो. मुक्तानं त्यावर आण्णांविषयी लिहिलं. आण्णा म्हणजे तिचे वडील, नामदेव टेलर. रोज सकाळी ते खुर्चीत बसून पेपर उघडत. फोटो बघून सुलटा धरत. त्यांना आकडे येत, अक्षर एकही येत नसे. मुक्ता वेणी घालता घालता आपल्याशीच म्हटल्यासारखे मथळे मोठ्यानं वाचायची, आण्णा पानं उलटायचे, आणि आई मोरीत मुद्दाम भांडी आपटायची. दहा वाजता दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "काय म्हणतोय पेपर, नामदेवराव?" आणि आण्णा जगाच्या चार गोष्टी सांगायचे. तिघांपैकी कुणी याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मुक्तानं पहिल्यांदा काढला, तो कागदावर.

संध्याकाळी आण्णा बाईंच्या घरी गेले आणि पंधरा मिनिटांत आले. "पंखा लई जोरात लावत्यात," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊनच. "सहामाहीला याच कथेवर दहा मार्कांचं मनन आहे. हे आदर्श उत्तर. शब्दन् शब्द पाठ करा," म्हणाल्या आणि एकेचाळीस जणांना वाटून बेचाळिसावा कागद मुक्तालाही दिला.

"बाई, तुम्ही शपथ घेतली होती."

"अगं, नाव काढलंय की तुझं! चांगलं असेल ते चारचौघांत वाटावं."

मुक्ताच्या अंगाची लाही लाही झाली. बाईंनी केसानं गळा कापला होता, आणि वर त्यांना वाटत होतं की आपण पोरीचं कौतुकच केलंय.

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस घरांत आण्णा जाऊन बसले. वाटणीनं नव्हे, प्रत्येक घरात अख्खे. हावळांच्या खुर्चीवर तेवढी पेपरची घडी राहिली. मुक्ता दारोदार हिंडली. "कागद मिटा," म्हणाली. पोरांनी मिटले, पण आण्णा हलेनात. उत्तर पोरांच्या तोंडात होतं, मिटायचं काय?

भोकऱ्यांच्या घरी आण्णा सोफ्याच्या कडेवर बसले होते. ईशा भोकरे त्यांना मथळे वाचून दाखवत होती, बहिऱ्याला सांगावं तसं सावकाश. ईशाच्या आईनं त्यांच्या मांडीवर धाकट्याची अंकलिपी ठेवली होती. "शिकतील हळूहळू," ती मुक्ताला म्हणाली. ती मनानं चांगली होती, म्हणून तर ते ऐकवेना.

"आण्णा, घरी चला."

"येतो की. ह्या पोरीचं पाठांतर झालं की." ते मुक्ताकडे बघत नव्हते.

दुकान आठवडाभर बंद राहिलं. आता जो भेटे तो म्हणे, बिचारे नामदेवराव. आईनं मोरीत भांडी आपटणं सोडलं नाही, पण एकदा मध्येच थांबून विचारलं, "तुला दुसरं काही सुचलं नाही होय गं लिहायला?" मुक्ताला बाईंचा राग करणं सोपं जात होतं. या प्रश्नावर तिनं खुर्चीवरची पेपरची घडी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

आशा एकच होती. पोरांचं पाठांतर पेपर देईपर्यंतच टिकतं, आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातलं उत्तर बाई वाचत नाहीत, लांबी बघून मार्क देतात, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. सहामाहीच्या दिवशी एकेचाळीस पेनं एकाच वेळी एकाच वाक्यावरून चालली. मुक्तानं पान कोरं ठेवलं.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "आदर्श उत्तर तुझं, आणि तुलाच येईना?"

"माझ्या वडिलांना घरी यायचंय, बाई."

"दहा मार्क जातील."

"जाऊ देत."

घंटा झाली. पोरं मैदानात येईतो पुढच्या पेपरविषयी बोलू लागली होती, मागचं साफ विसरली होती. मुक्ता धावतच घरी आली. आण्णा खुर्चीत होते. तिच्या जिवात जीव आला. आई मोरीत गेली, भांडी वाजू लागली. मुक्तानं कंगवा घेतला आणि सकाळचा पेपर त्यांच्यापुढे धरला.

आण्णांनी तो घेतला नाही. सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा झेरॉक्स कागद काढला. त्यावर फोटो नव्हता. त्यांनी तो उलटा धरला, चष्मा सारखा केला आणि कुठंही न अडखळता, शाळेतल्या पोरासारखं वाचायला लागले.

"माझ्या वडिलांना वाचता येत नाही. हे आमच्या घराबाहेर कुणालाही ठाऊक नाही."

मोरीतली भांडी थांबली. आण्णांनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग बोटाला थुंकी लावून पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. एखादा रकाना वाचायला लागावा तितका वेळ ते तिच्याकडे बघत राहिले, आणि कागद मुक्तापुढे धरून म्हणाले,

"आता पुढचं तू वाच."