विरुद्ध बाजूची मुलाखत

आमच्या विद्यापीठात एम. ए. इतिहासाचा वर्ग चालवायला किमान दहा विद्यार्थी लागतात. नऊ झाले की वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे मी मुख्य इमारतीत जाऊन पहिल्या वर्षाच्या पोरांना 'सामान्य ज्ञान' शिकवणार. त्या वर्षी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत नऊच अर्ज आले होते. विभागप्रमुख सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ओळखीचं कुणी असेल तर बघा." मी घरी गेले आणि बाबांना उभं केलं.

बाबा बसडेपोच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना बढतीच्या आशेने त्यांनी बाहेरून बी. ए. केलं होतं. बढती मिळाली नाही, पण पदवी कपाटात होती. ती अशी कामाला आली.

"नुसतं नाव द्यायचंय," मी त्यांना म्हणाले. "वर्गात यायची गरज नाही. फक्त पास व्हायचं. दहाच्या दहा पास झाले नाहीत तर दुसऱ्या वर्षाचा वर्ग उघडत नाही. एवढंच तुमचं काम."

बाबांनी मान डोलावली आणि सोमवारी पहिल्या तासाला पहिल्या बाकावर येऊन बसले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. स्वतःच्या बापाची हजेरी घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. ते मला वर्गात मॅडम म्हणायचे, आणि अभ्यासाची शंका असली की घरीसुद्धा मॅडमच. "जेवायला वाढलंय म्हणावं तुमच्या मॅडमना," आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

विद्यार्थी म्हणून बाबा मध्यम होते. कष्टाळू, पण मध्यम. त्यांना प्रत्येक गोष्टीचं एकच कारण हवं असायचं. "मॅडम, बिघाड एकाच जागी असतो. बाकीची सगळी लक्षणं," असं ते एकदा भर वर्गात म्हणाले, आणि पोरांना ते माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त पटलं. मी चिडले. इतिहास म्हणजे इंजिन नव्हे, असं काहीतरी बोलले. बाबांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या सेमिस्टरला लघुप्रबंध होता. हयात माणसांच्या मुलाखती घेऊन जवळच्या काळातल्या एखाद्या घटनेचा इतिहास लिहायचा. त्याचे माझे दोन नियम होते. विरुद्ध बाजूच्या निदान एका माणसाची मुलाखत हवीच. आणि मुलाखत कागदावर उतरवल्यावर ती त्या माणसाला वाचून दाखवायची. त्याने जे काढून टाकायला सांगितलं ते काढायचं, रेकॉर्डिंगमधूनही पुसायचं आणि पुन्हा कुणालाही सांगायचं नाही. या नियमांच्या बाबतीत मी इतकी कडक आहे की विभागात माझी त्यावरून चेष्टा होते.

बाबांनी विषय घेतला डेपोतला संप.

तो संप आमच्या घराला पाठ होता. तो लांबला होता, लोक टेकीला आले होते, आणि तरी रेटून चालला होता. मग एका सकाळी एका ड्रायव्हरने गेटमधून बस बाहेर काढली. तिच्यामागून दुसरी निघाली, तिसरी निघाली, आणि दुपारपर्यंत संप संपला. पुढारी निलंबित झाले. त्यांत बाबा होते. पहिली बस काढणारा ड्रायव्हर म्हणजे बाबांचा सख्खा थोरला भाऊ. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. काका याच गावात, बाजारामागे पाण्याच्या टाकीजवळ राहायचे. लग्नाच्या पत्रिका पोस्टाने जायच्या, आणि मयताला दोघं दोन टोकांना उभे राहायचे. काका फितूर, हे आमच्याकडे जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज बोललं जायचं. मी त्यावरच वाढले.

बाबांनी भराभर मुलाखती घेतल्या. सगळे जुने दोस्त, सगळे संपवाले. कच्चा मसुदा घेऊन ते विभागात आले, बाकीच्या विद्यार्थ्यांसारखेच रांगेत बसले, आणि नंबर आल्यावर माझ्यासमोर उभे राहिले.

"विरुद्ध बाजू कुठाय?" मी विचारलं.

"मॅनेजर वारले. ड्रायव्हर पांगले सगळे."

"एक आहे."

त्यांनी मसुद्याची पानं जुळवली. मग म्हणाले, "सवलत द्या, मॅडम. घरचा मामला आहे."

"म्हणून तर नाही देणार."

दोन भावांना एकत्र आणावं, असा काही थोर हेतू माझ्या मनात होता असं मला म्हणता आलं असतं. तसं काही नव्हतं. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका मुलीला अशीच सवलत नाकारली होती, आणि बापाला दिली म्हणून कुणी बोट दाखवलेलं मला चाललं नसतं. मुलाखत नसली तर बाबा नापास, आणि बाबा नापास तर वर्ग बंद, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी हटले नाही. हा हट्टीपणा मी कुणाकडून घेतलाय ते आई सांगेल.

काही दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका रविवारी त्यांनी शर्टाला इस्त्री केली, विभागाचा रेकॉर्डर पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"मुलाखतीला."

ते दुपार कलल्यावर परत आले. आईने ताट घेतलं, तर म्हणाले, "जेवून आलोय." आईचा हात डब्यावरच थांबला. मग तिने ताट परत ठेवून दिलं.

प्रबंधासोबत रेकॉर्डिंग द्यावं लागतं. ते मी विभागात बसून, कानाला हेडफोन लावून ऐकलं. लहानपणानंतर काकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. तो अगदी बाबांसारखा होता, फक्त जरा घोगरा.

"आपलं पूर्ण नाव सांगा," बाबा म्हणाले.

"तुला माहीत नाही?"

"नोंदीसाठी लागतं."

काकांनी नाव सांगितलं.

"आपलं वय?"

"तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. कर हिशेब. आणि हे आपण-आपण काय लावलंयस, धाकट्या?"

"पद्धत आहे तशी. त्या दिवशी सकाळी गेटमधून पहिली बस आपण बाहेर काढलीत, हे खरं?"

"खरं."

"गेटवर कोण होतं?"

"तू होतास. बाजूला झालास म्हणून बरं. नाही झाला असतास तर काय केलं असतं, ते मला आजही ठाऊक नाही."

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"बस का काढलीत?" बाबांनी विचारलं.

"हे आत्ता विचारतोयस? इतकी वर्षं नाही विचारलंस ते?"

"अभ्यासक्रमात नव्हतं," बाबा म्हणाले.

त्यावर काका हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि बाबांचाही आवाज थोडा हलला. मग रेकॉर्डिंग तुटलं. प्रबंधात त्या जागी बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : 'माहिती देणाऱ्याच्या इच्छेनुसार येथील भाग वगळला आहे.' त्यानंतर रेकॉर्डिंगवर शेवटचं एवढंच होतं :

"चहा घेशील?"

"मुलाखत चालू आहे, दादा."

"मग बंद कर ना ती."

प्रबंध चांगला होता. हे मुलगी म्हणून म्हणत नाही. संपाची मांडणी व्यवस्थित होती, कुठे उगाच गळा काढलेला नव्हता. मात्र शेवटचं वाक्य असं होतं : 'माझे थोरले बंधू त्या सकाळी बस घेऊन बाहेर पडले, यात त्यांचा काही दोष नव्हता.' वरच्या सगळ्या पानांत या वाक्याला कुठेच टेकू नव्हता. मी समासात लाल पेनाने लिहिलं, 'आधार?'

आमच्याकडे आधार नसलेला निष्कर्ष काढला की गुण कापतात, आणि बाबा बाकीच्या विषयांत आधीच काठावर होते. ते गुण कापले तर एकूण बेरजेत बाबा थोडक्यात नापास होत होते. मी पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली. प्रबंधावर विद्यार्थ्याचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. तपासणाऱ्याने बापाचं अक्षर ओळखू नये, असा नियम मात्र कुणी केलेला नाही.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा बेसिनच्या नळाचा वॉशर बदलत होते.

"काकांनी काय कारण सांगितलं?" मी सरळच विचारलं.

"तो भाग वगळलाय."

"मुलगी म्हणून विचारतेय मी."

"आणि मॅडम म्हणून काय शिकवलंय?"

"बरं. मग ते खरं कशावरून? दुसऱ्या कुणाला विचारून खात्री केलीत?"

"नाही."

"म्हणजे एका माणसाच्या शब्दावर?"

"दादाच्या शब्दावर."

मी त्यांच्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि समजुतीच्या सुरात सांगायला लागले. काकांची परवानगी घ्या आणि कारण लिहा. ते जमत नसेल तर शेवटचं वाक्य खोडा. तेवढं खोडलं तर बाकी प्रबंध चोख आहे. तुम्ही पास, वर्ग वाचेल, मीही वाचेन.

"परवानगी मी मागणार नाही," बाबा म्हणाले. "त्याने नको म्हटलंय. आणि वाक्य खोडायचं म्हणशील, तर त्या वाक्यासाठीच बाकीची सगळी पानं लिहिली."

माझा तोल गेला. "अहो, आधाराशिवाय कुणाबद्दल असं ठोकून देता येत नाही, बाबा!"

बाबांनी पाना खाली ठेवला आणि हात फडक्याला पुसले.

"दादा फितूर आहे, असं मी इतकी वर्षं याच घरात म्हणत आलो," ते म्हणाले. "तेव्हा तू एकदाही आधार मागितला नाहीस."

ते रागाने बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांनी नळ उघडला, बंद केला आणि गळतोय का ते वाकून पाहत राहिले. मी उठून माझ्या खोलीत गेले. मला लाज वाटत होती आणि त्यांचा संतापही येत होता. पुरावा पाहिल्याशिवाय बोलू नका, हे मी पोरांना शिकवते, त्याचा पगार घेते. आणि ज्या माणसाला मी कधी धड भेटलेही नव्हते, त्याच्याबद्दल माझं मत पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला.

"हा मी तपासू शकत नाही."

"का?"

"माझ्या वडिलांचा आहे."

"ते पहिल्या दिवसापासून तुमचे वडील आहेत," सर म्हणाले. "आजच काय झालं?"

"यातला ड्रायव्हर माझा काका आहे. त्याच्याबद्दल माझं मत कधीचंच ठरलेलं होतं. म्हणून मी नको."

सरांनी चष्मा लावला. सर आळशी म्हणून प्रसिद्ध आहेत, पण वाचायला बसले की नीट वाचतात. तासाची घंटा झाली, बाहेर पोरांचा गलका झाला आणि ओसरला. मी समोरच्या खुर्चीत बसून होते. शेवटच्या पानावर ते बराच वेळ थांबले. माझ्या लाल प्रश्नचिन्हाकडे त्यांनी पाहिलं.

"आधार खरंच नाही?"

"आहे. पण आपल्याला मिळणार नाही."

"मग हे गुण जातात. आणि हे गेले तर वर्गाचं काय होतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

सरांनी उठून दार लोटून घेतलं. परत येऊन बसले आणि खिशातून पेन काढलं.

"एकच तर ओळ आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी मारतो त्यावर रेघ. तिथे ती नव्हतीच असं समजू. कुणाला कळतंय?"

त्यांचं पेन त्या ओळीवर टेकलं होतं. मी हात पुढे करून पान माझ्याकडे ओढून घेतलं.

"गुण कापा, सर," मी म्हणाले. "वाक्य राहू द्या."