पाच लिटरला दोनशे

आमच्या मोटारसायकलला कुठलं पेट्रोल मानवतं, यावर त्या महिन्यात ज्याचं त्याचं मत होतं. गाडी धूर ओकत होती, प्लग दर तिसऱ्या दिवशी काळा पडत होता. भावाने फोनवरून सांगितलं, महागातलं पेट्रोल भरा. शेजारचे म्हणाले, हल्ली पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळतात, जुन्या गाड्यांना ते सोसत नाही. बाबांनी तीन पंप बदलून पाहिले. धूर होता तसाच. ही गाडी बाबांनी लग्नाच्या आधी घेतलेली, म्हणून आई तिला ‘थोरली’ म्हणते आणि स्वतःला धाकटी.

थोरलीला नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यातच ऑइल मापाने मिसळावं लागतं, पाच लिटरला दोनशे मिली. मेकॅनिकने विचारलंही, “काका, तेल किती घालता?” बाबांनी “पाच लिटरला दोनशे” अशा काही सुरात सांगितलं की तो पुढे बोलला नाही. मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले. शेवटी त्याने हात टेकले. इंजिन थकलंय, म्हणाला.

माझ्या गप्प बसण्याला कारण होतं. चार महिन्यांपूर्वी बाबा एकदा तेल घालायचं विसरले. इंजिन जाम झालं, भर रस्त्यात मागचं चाक जागीच अडकलं आणि बाबा कोपरावर आपटले. सगळा जन्म कारखान्यात लेथवर काढलेला, केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस, आणि तेल विसरला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून दर रविवारी बाबा टाकी भरून, तेल घालून आंघोळीला गेले की मी माझ्या स्कूटरच्या डिकीत लपवलेली तेलाची बाटली काढायची आणि गुपचूप आणखी दोनशे मिली ओतायची. विसरले असतील तर वाचतील, नसतील तर थोडं जास्त झालं, त्यात काय एवढं. धूर वाढला तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मेकॅनिकने इंजिनावर खापर फोडलं आणि मला ते सोयीचं पडलं.

बाबांनी गाडी विकायला काढली. घेणारा माणूस रविवारी अकराला यायचा होता. सकाळीच ते जिन्याखाली बसले. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची तर टाकीत ताजं पेट्रोल हवं, हा त्यांचा हट्ट. जुनं त्यांनी काचेच्या बरणीत काढलं, दुसऱ्या बरणीत नवं मिसळलं आणि दोन्ही उजेडात शेजारी ठेवल्या. तेलाच्या रंगाने नवं फिकट हिरवं होतं. जुनं इतकं गडद की बरणीच्या पलीकडचं काही दिसेना.

बाबा पायरीवर बसले. जुन्या पेट्रोलची बरणी त्यांनी जवळ ओढली.

“तेलाचा डबा महिनाभर पुरायचा,” ते म्हणाले. “आता दोन आठवड्यांत संपतो. मला वाटायचं, गळतो कुठेतरी. मग महिनाभर नुसती शंका होती, आत्ता खात्री झाली. मी घालतो, विसरतो आणि परत घालतो.”

“बाबा, तसं नाही...”

“तसंच आहे. बरं झालं गाडी जातेय. लायसन्सही देऊन टाकतो. बँकेचं सगळं तू बघ आता. आणि घरात एकटा असलो तर मी गॅस पेटवणार नाही.”

कपड्याने एकेक बोट पुसत, अगदी शांतपणे ते आपल्या आयुष्यातली कामं मला देत होते. आणि डबा लवकर कसा संपतो? मी तर डब्याला हातही लावला नव्हता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आई म्हणाली, “अहो, डब्यातलं मी घालते.”

स्वयंपाकघराच्या दारात ती ओले हात घेऊन उभी होती. “दर रविवारी एक वाटी. तुम्ही पडलात तेव्हापासून.”

“आणि मी बाटलीतलं,” मी म्हणाले. “दोनशे मिली.”

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

“मी एकदा विसरलो,” ते म्हणाले. “एकदा. त्यानंतर एक रविवार चुकलो नाही. आणि डोकं गेलं आपलं, या धास्तीने महिनाभर झोप नाही मला. तेल घातलंत का, एवढं विचारायला काय झालं होतं?”

“तुम्हाला राग आला असता,” आई म्हणाली.

“आला असता. मग गेला असता.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाबा उठले आणि त्यांनी घेणाऱ्याला फोन लावला. “गाडी द्यायची नाही आता. हो, बिघाड सापडला. नाही हो, इंजिन ठणठणीत आहे. घरातलेच दोन पार्ट ढिले होते.”

“पार्ट कुणाला म्हणताय?” आई म्हणाली. तेव्हा कुठे त्यांच्या मिशा हलल्या.

ताजं पेट्रोल आणि नवा प्लग घालून गाडी आठवडाभर चालली. साचलेलं तेल जळेपर्यंत दोन दिवस धूर आला, मग विरळ होत थांबला. मेकॅनिकने आवाज ऐकला आणि इंजिन थकलंय असं आपण कधी म्हणालोच नव्हतो, असा चेहरा केला.

पुढच्या रविवारी मला बाजारात जायचं होतं. बाबा आधीच पंपावरून टाकी भरून आले होते आणि हेल्मेट घालून फाटकाशी थांबले होते. माझी बाटली मी मेकॅनिकला देऊन टाकली होती. तरी माझी नजर टाकीच्या झाकणावर गेली, आणि ते बाबांनी पाहिलं.

“बाबा,” मी विचारलं, “तेल घातलंत का?”

त्यांच्या कपाळाला आठी पडली. राग आला होता. मग तो गेला, आणि त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला.

“घातलं,” ते म्हणाले.

मी मागे बसले, आणि त्यांनी गाडी मोठ्या रस्त्याला घेतली.