टक्केमहाराजांची सोनेरी टिकली

सभागृहाबाहेरची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. दुसऱ्यांदा आलेला जो तो शेजाऱ्याच्या नाकाखाली फोन धरत होता. “कालपासून चार्ज नाही, अठ्ठ्याण्णव टक्के!” “माझे नव्व्याण्णव!” पोटच्या पोरांचे मार्कही कुणी एवढ्या अभिमानाने सांगितले नसतील.

आत टक्केमहाराज भक्ताचा फोन शालीखाली घ्यायचे, डोळे मिटायचे आणि स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात सोनेरी टिकली चिकटवून परत द्यायचे. “तीन दिवस टिकली काढायची नाही. फोन मौनात आहे. बोलायला लावलात तर शक्ती जाईल. फक्त टक्क्यांचं दर्शन घ्या.” जोडप्यांना सवलत होती.

माझे काका-काकू जोडीनेच गेले. काका किडनीच्या प्रतीक्षायादीत. हॉस्पिटलचा फोन यायचा आणि नेमकी बॅटरी संपायची, या धास्तीने माणूस संडासातही चार्जर घेऊन जायचा.

“काका, बॅटरी जुनी झालीय. बदलून आणते.”

“तू गप गं. सगळं तुलाच कळतं!”

दोन दिवसांनी डायलिसिसला गेलो, तर यादी सांभाळणाऱ्या बाई धावतच आल्या. “होतात कुठे? काल किडनी आली होती! दोघांचेही नंबर बंद. शेवटी पुढच्या पेशंटला दिली.”

काकांनी खिशातून फोन काढला. “बंद कसा? हा बघा, शहाण्णव टक्के.”

मी टिकली खरवडली. खाली चिमुकलं विमान. फ्लाइट मोड.

काकूंना घेऊन मी तडक सभागृह गाठलं आणि ओरडले, “फोन टॉवर शोधत नाही, वायफाय शोधत नाही, तुम्ही त्याला हात लावत नाही. बॅटरी उतरेल कशाला? शालीखाली हे एवढं एकच बटण दाबतात!”

महाराज मंद हसले. “मुली, ती किडनी तुझ्या काकांची नव्हतीच.”

“होती. तुमच्या शालीखालून गेली.”

मागून एक गृहस्थ कळवळून म्हणाले, “पण ताई, टक्के टिकले ना?”

काकूंनी त्या गृहस्थांचाच फोन हिसकावला, टिकली उपटली, विमान बंद केलं. मुलीचे मेसेज धडाधड पडू लागले: ‘बाबा, फोन का लागत नाही? बाबा, मी घाबरलेय.’ गृहस्थ तिथूनच मुलीला फोन लावू लागले. मग टराटर टिकल्या निघाल्या आणि अख्खं सभागृह किणकिणू लागलं. महाराज मागच्या दाराने पसार. त्यांचा स्वतःचा फोन तेवढा उशीमागे चार्जरला लावलेला सापडला. चालू होता. पुढच्या गावची बुकिंगं कोण घेणार?

काका अजून आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेतात. पुन्हा बोलावणं कधी येईल, हॉस्पिटललाही सांगता येत नाही.

बॅटरी जरूर वाचवा. स्क्रीनचा उजेड कमी करा, नको तेव्हा ब्लूटूथ, लोकेशन बंद ठेवा, बॅटरी म्हातारी झाली तर बदला. यात कुठेही शाल लागत नाही. आणि कुणी काही वाचवून देतो म्हणाला, तर पाया पडण्याआधी विचारा, “त्यासाठी नेमकं काय बंद केलंत?” उत्तर मिळेपर्यंत हातातली वस्तू सोडू नका.